शेवटच्या तीनशे वाती

"वात हातची हवी, दिवा दिवेलागणीचा हवा, आणि मध्ये एका दिवसाचाही खाडा नको. बाकी देव सगळं चालवून घेतो."

सासूबाईंचा हा आवाज शैलजाला रोज संध्याकाळी ऐकू यायचा. मिरजेहून त्या व्हिडिओ कॉल करायच्या तेव्हा फोन इतका जवळ धरायच्या, की इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूत, पडद्यावर फक्त अर्धी भुवई आणि गंध दिसायचं. लाख वातींचा नेम करायचं त्यांच्या फार मनात होतं. रोज शंभर वाती हातानं वळायच्या, तुपात भिजवून तिन्हीसांजेला देवापुढे लावायच्या, हजार दिवसांत लाख. पण हात थरथरायला लागले होते.

"शैला, तू करशील माझ्यासाठी?"

"करीन आई."

"आणि रवी, तूही चार वाती वळशील ना रे?"

"येस आई, नक्की," रवींद्र म्हणाला होता. तो त्या वेळी दुसऱ्या कानानं ऑफिसची मीटिंग ऐकत होता आणि तिथंही त्यानं नुकतंच हेच उत्तर दिलं होतं.

पुढं सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि शैलजानं नेम धरला. परसातल्या देवकापसाच्या झाडाचा कापूस, सरकी काढून, एका उशीच्या अभ्र्यात भरून तिनं मिरजेहून आणला होता. तापात वाती वळल्या. बर्फ पडून दोन दिवस वीज गेली, तेव्हा तर घरात उजेड असा त्या वातींचाच होता. लेकीच्या, नैनाच्या, पदवीदान समारंभाला गेले तेव्हा हॉटेलवाल्यांनी खोलीत दिवा लावू दिला नाही, म्हणून तिनं पार्किंगमध्ये गाडीच्या आडोशाला शंभर वाती लावल्या. एक गोरा गृहस्थ हॅपी बर्थडे म्हणून गेला.

आज नऊशे सत्त्याण्णवावा दिवस होता. गुरुवार. उरले तीन. आणि नेमके तेच तीन दिवस रवींद्र तिला घेऊन १८४० साली जाणार होता.

रवींद्रला रिटायर होऊन चार महिने झाले होते. पहिल्या महिन्यात त्यानं गॅरेज आवरलं. दुसऱ्या महिन्यात पाव भाजले. तिसऱ्या महिन्यात मधमाश्या पाळायच्या म्हणून पेटी आणली. माश्या आल्या, त्यांनी रवींद्रला पाहिलं आणि त्या निघून गेल्या. मग एके दिवशी शेजारचा वॉल्ट त्याला आपल्या क्लबात घेऊन गेला. हा वॉल्ट पूर्वी विमानं दुरुस्त करायचा. आता तो जुन्या, तोंडातून दारू ठासायच्या बंदुका दुरुस्त करत असे. क्लबातली मंडळी वर्षातून एकदा डोंगरापलीकडच्या माळावर तीन दिवसांची छावणी टाकत, आणि तिथं १८४० नंतरची एकही वस्तू दिसता कामा नये असा दंडक होता. प्लास्टिक नाही, चेन नाही, बॅटरी नाही. कापडी तंबू, लोखंडी तवे, चकमकीची आग. वॉल्टनं रवींद्रच्या हातात बंदूक दिली, त्यानं चाप ओढला, ठो झालं आणि तो पांढऱ्या धुराच्या ढगात दिसेनासा झाला. ढग विरला तेव्हा आत वेगळाच माणूस उभा होता.

"शैला, अगं काय सांगू तुला! काळी दारू, चकमक, ठिणगी! आपण दोघंही जायचं. मी नावं दिलीत."

"दोघांची?"

"मिस्टर अँड मिसेस. कपल असलं की तंबूची जागा चांगली मिळते."

"माणसं रिटायर झाली की काशीला जातात," शैलजा हळू आवाजात म्हणाली. ती सगळंच हळू आवाजात बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं टोमणा होता की माहिती हे रवींद्रला पस्तीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

छावणीत प्रत्येकानं आपण त्या काळातले कोण हे ठरवायचं असतं. रवींद्रनं ठरवलं, की तो जहाजावरून पळून आलेला कोकणी खलाशी.

"तुम्ही मिरजेचे," शैलजा म्हणाली. "समुद्र पहिल्यांदा पाहिलात तो आपलं लग्न झाल्यावर. आणि तेव्हा तुम्हाला उलटी झाली होती."

"म्हणूनच जहाजावरून पळालो ना!"

शैलजाचं एकच म्हणणं होतं: शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस तिन्हीसांजेला तिला शंभर वाती लावायला मिळाल्या पाहिजेत. हजारावा दिवस रविवारी येत होता. रवींद्रनं लगेच कबूल केलं. तीनशे वाती तिनं आधीच वळून ठेवल्या होत्या. अभ्र्यातला कापूस त्याबरोबर संपला. सासूबाईंनीच मोजून दिला असावा इतका बरोबर. माळावर घोळ नको म्हणून गुरुवारी सकाळी तिनं त्या तुपातही भिजवल्या, शंभरशंभराच्या तीन जुड्या केल्या आणि स्टीलच्या डब्यात रचल्या.

हा डबा लग्नातला होता. बारा डब्यांचा संच, प्रत्येकावर 'चि. रवींद्र व चि. सौ. कां. शैलजा यांस मामा-मामींकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं. अमेरिकेत येईपर्यंत त्यांतले दोन उरले होते. एक वातींना लागला. दुसरा सकाळीच रवींद्र घेऊन गेला होता, कारण त्यालाही एक परीक्षा द्यायची होती.

छावणीच्या मुख्य डोरोथी नावाच्या बाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण नवख्यांना माळावरून साडेतीन तास परत पाठवायची वेळ येऊ नये म्हणून त्या स्वतः घरी येऊन तपासणी करत. आज साडेसहाला त्या रवींद्रकडं येणार होत्या. त्यांच्यासमोर चकमकीनं आग पेटवून दाखवायची. चकमकीची ठिणगी धरायला जळकं कापड लागतं, आणि ते करायची रीत वॉल्टनं शिकवली होती: डब्यात सुती तुकडे भरायचे, झाकणाला खिळ्यानं एक बारीक भोक पाडायचं, डबा विस्तवावर ठेवायचा आणि धूर थांबेस्तोवर काही झालं तरी झाकण उघडायचं नाही. आत वारा शिरला की सगळ्याची राख.

"काही झालं तरी," वॉल्टनं दोनदा सांगितलं होतं.

सकाळपासून रवींद्र शंभर टक्के सुती कापड शोधत होता. त्याच्या शर्टांत कापूस साठ टक्के होता, चादरींत चाळीस, आणि सुती म्हणून घेतलेल्या टॉवेलात तो औषधालाही नव्हता. शेवटी कपाटाच्या तळाशी पांढऱ्या खादीचं कोरं कापड सापडलं. शैलजा स्वयंपाकघरातून बाहेर आली तोवर त्याचे चौकोन झाले होते.

"अहो! नैनाच्या साखरपुड्याला तुमचा कुडता शिवायचा होता त्यातून!"

"नैनाला अजून मुलगा पसंत नाही."

"म्हणून कापड कापायचं?"

तेवढ्यात नैनाचाच फोन आला. ती सांता क्लाराला नोकरी करायची आणि दुपारच्या सुट्टीत आईला फोन करायची. शैलजा फोन खांद्याशी कानानं दाबून धरून ओट्याशी उभी राहिली. ओट्यावर दोन डबे होते आणि दोन झाकणं होती, त्यातल्या एकाला रवींद्रनं खिळ्यानं पाडलेलं भोक. चष्मा देवघरात होता.

"आई, यू डोन्ट हॅव टू गो, यू नो. बाबाला एकट्याला जाऊ दे ना."

"त्यांना एकट्याला कसं सोडू, राणी? तिथं फोनपण चालू ठेवायचा नाहीये."

असं म्हणत तिनं हाताला आलं ते झाकण वातींच्या डब्यावर बसवलं, दुसरं दुसऱ्यावर बसवलं आणि दोन्ही डबे छावणीच्या लाकडी खोक्यात ठेवले. देवाच्या वस्तूंवर तिनं हळदीकुंकवाचं बोट लावलं असतं, पण त्या दिवशी फोन होता.

सहा वाजता रवींद्र पूर्ण वेशात मागच्या अंगणात आला. अंगात चामड्याचा सदरा, कमरेला शेला, खांद्यावरून लोंबणारं बंदुकीच्या दारूचं शिंग. ते वॉल्टनं भरून दिलं होतं. खोक्यातून त्यानं झाकणाला भोक असलेला डबा निवडून घेतला. शाबास, म्हणाला. भोक पाहिलं, आत पाहायचं कारणच नव्हतं. ग्रिल पेटवून त्यावर डबा ठेवला आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला.

भोकातून धुराची बारीक रेघ निघाली. वॉल्टनं सांगितलं होतं अगदी तशी. मग धूर जाडजूड झाला. मग त्या भोकातून भस्सकन ज्योत उठली, आणि भुईनळ्यासारखी हातभर वर गेली.

हे वॉल्टनं सांगितलं नव्हतं. पण झाकण काही झालं तरी उघडायचं नाही हे सांगितलं होतं, म्हणून रवींद्र उभाच राहिला.

आत शैलजा देवापुढे बसून पोथी वाचत होती. तुपाचा खमंग वास आला. इतकं चांगलं तूप कोण कढवतंय या गल्लीत, असं वाटून तिनं मनातल्या मनात त्या बाईचं कौतुक केलं आणि पान उलटलं.

बाहेर ज्योत आता रवींद्रच्या उंचीला आली होती. त्याला पाणी सुचलं. खोक्यातला पाण्याचा तांब्या उचलून त्यानं सगळा डब्यावर उपडा केला. पेटत्या तुपावर पाणी ओतलं की काय होतं हे मिरजेतल्या कुठल्याही मुलीनं त्याला सांगितलं असतं. भडका गेला तो थेट छपराच्या पन्हाळीपर्यंत. रवींद्रनं मागं उडी मारली, जाता जाता ग्रिलचं मोठं झाकण धाडकन पाडलं आणि त्या एका शहाणपणामुळे आग दबली. उरला नुसता धूर. पण सप्टेंबर होता, डोंगरापलीकडं वणवे पेटलेले, आणि त्या दिवसांत बेलव्ह्यूत कुठं धूर दिसला की लोक विचार करत नाहीत, फोन करतात.

सहा मिनिटांत गल्लीत लाल बंब उभा होता.

उतरलेल्या कॅप्टन बाई उंच, तरुण आणि फार सभ्य होत्या. त्यांनी ग्रिल पाहिलं, पन्हाळ पाहिली, मग रवींद्रला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, घरात आणखी काही पेट घेण्यासारखं आहे का?"

त्यांना धीर द्यावा म्हणून रवींद्र हसला. शिंगावर हलकेच थाप मारून म्हणाला, "नो, नो. ओन्ली गनपावडर."

त्यानंतरच्या गोष्टी फार भराभर झाल्या. घरातल्यांना बाहेर काढलं. दोन्ही शेजाऱ्यांना बाहेर काढलं. काही घेऊ नका, चला, असं शैलजाला सांगितलं, तेव्हा तिनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतला आणि अनवाणी फुटपाथवर येऊन उभी राहिली. शिंग पाण्याच्या बादलीत गेलं. घरात आणखी दारू नाही याची खात्री होईपर्यंत कुणी आत जायचं नाही, असं कॅप्टन बाईंनी बजावलं.

"सहा पंचेचाळीस," शैलजा म्हणाली.

"होईल गं पाच मिनिटांत."

"सव्वासातला सूर्य मावळतो. आजच्या शंभर आत देवापुढे आहेत."

रवींद्रनं घड्याळ पाहिलं. नऊशे शहाण्णव दिवस त्यानं त्या वातींकडं रोज पाहिलं होतं. म्हणजे टीव्हीकडं पाहताना वाटेत दिसत होत्या. त्या लागणार नाहीत असं कधी होऊ शकेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

फोन थरथरला. नैना.

"बाबा! डोअरबेल कॅमेऱ्यात फायर ट्रक दिसतोय! आर यू गाइज ओके? अँड व्हाय आर यू ड्रेस्ड लाइक अ पायरेट?"

"पायरेट नाही, खलाशी. नंतर बोलतो."

"आई कुठाय?"

"शेजारीच आहे. ती बोलत नाहीये."

"ओ नो," नैना म्हणाली.

नेमकी याच वेळी गल्लीच्या तोंडाशी जुनी पिकअप थांबली. वॉल्ट उतरला, आणि त्याच्यामागून पायघोळ झगा, डोक्याला टोपडं अशा वेशात डोरोथीबाई. त्यांनी बंबाकडं एक नजर टाकली. पन्नास वर्षं त्या नवखे लोक पाहत आल्या होत्या.

"तपासणी इथंच उरकू," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि फुटपाथवरच रवींद्रभोवती फिरल्या. "घड्याळ. चष्म्याला प्लास्टिकची नाकपट्टी. सदऱ्याच्या आत लेबल, धुण्याच्या सूचनांसकट. विजारीला चेन. बुटाचा तळ रबरी. वॉल्ट, बेटा, या माणसात १८४० चं काय आहे?"

"शिंग होतं," वॉल्टनं बादलीकडं बोट केलं.

मग डोरोथीबाई शैलजापाशी आल्या. संध्याकाळच्या पूजेचं सुती नऊवारी, काचेच्या बांगड्या, अनवाणी पाय, पदरात जपून धरलेला पितळी देव. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

"ह्यांची परीक्षा कुणी घेतली?"

"माझी कशाला?" शैलजा म्हणाली. "मी हे रोजच नेसते."

"पास," डोरोथीबाई म्हणाल्या.

शैलजाचं लक्ष नव्हतं. समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर ऊन तांबूस झालं होतं. कॅप्टन बाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या जवळ येऊन म्हणाल्या, "मॅम, आत काही तातडीचं राहिलंय का? औषधं? कुत्रं, मांजर?"

"शंभर वाती," शैलजा म्हणाली.

कॅप्टन बाईंनी रवींद्रकडं पाहिलं. हजार दिवस, सासूबाई, दिवेलागण हे सगळं इंग्रजीत सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं त्याला एकच वाक्य शिकवलं होतं. "शी हॅज अ डेडलाइन. सेव्हन फिफ्टीन. टू अँड हाफ इयर्स नो मिस."

हे वाक्य कॅप्टन बाईंना लगेच कळलं. त्या बिनतारी फोनवर काही बोलल्या. सात वाजून आठ मिनिटांनी घर मोकळं झालं आणि शैलजा पळाली. पस्तीस वर्षांत रवींद्रनं तिला पळताना पाहिलं नव्हतं, विमान चुकत होतं तेव्हासुद्धा. कॅप्टन बाई अग्निशामक नळकांडं घेऊन मागोमाग गेल्या. देवघराच्या दाराशी शैलजानं वळून नुसतं त्यांच्या पायांकडं पाहिलं. बाईंनी ते गुडघ्याएवढे बूट उतरवून ठेवले आणि मोज्यांनी आत आल्या.

शंभर वाती एकदम लागल्या. देवघर सोन्यासारखं झालं. लगोलग वरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. पण तो नेमाच्या सातव्या महिन्यापासून अधूनमधून बोंबलायचाच. कॅप्टन बाईंनी आपल्या शिरस्त्राणानं वारा घालून त्याला गप्प केलं, आणि वाती शांत होईपर्यंत हात मागं बांधून उभ्या राहिल्या. शैलजानं त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

खरा घोटाळा त्यानंतर उघडला.

एका जवानानं ग्रिलवरचा डबा चिमट्यानं आणून पायरीवर ठेवला आणि झाकण काढलं. "सर, हे होतं काय?"

"सुती कापड. चौकोन," रवींद्र म्हणाला, आणि आत वाकून पाहिलं. चौकोन नव्हते. तीन काळे गोळे होते, शेजारी शेजारी नीट रचलेले.

शैलजानं पाहिलं. मग ती ओसरीवरच्या खोक्यापाशी गेली, दुसरा डबा उघडला. आत नैनाच्या साखरपुड्याचा कुडता, चौकोनी, पांढराशुभ्र. तिनं तो डबा आणून पहिल्याशेजारी ठेवला. दोन्हींवर मामा-मामींची सप्रेम भेट चमकत होती.

वॉल्टनं टोपी काढली. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

"शैला," रवींद्र घसा खाकरून म्हणाला, "हे बघ. शांतपणे विचार केला तर... नव्व्याण्णव हजार सातशे आज झाल्या. आणि या तीनशे. तुपाच्या. त्यासुद्धा आजच जळाल्या. म्हणजे टेक्निकली लाख पूर्ण. तीन दिवस आधी डिलिव्हरी!"

शैलजानं त्याच्याकडं पाहिलं. ती रागावली की ओरडत नसे. आवाज आणखी एक पायरी खाली जाई.

"कुणाला दिली डिलिव्हरी?" ती म्हणाली. "ग्रिलला?"

आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळानं पोळपाटावर लाटण्याचा आवाज यायला लागला. रवींद्रला तो आवाज माहीत होता. ती फार दुखावली की पोळ्या कंपासनं काढल्यासारख्या गोल होत.

बंब गेला. रवींद्र पायरीवर बसून राहिला. कापूस आणायचा कुठून? औषधांच्या दुकानातला कापूस तिला चालत नसे, त्यात काय काय मिसळलेलं असतं म्हणून. हातानं वळलेल्या वाती मिळतात, पण त्या विकतच्या. मिरजेचं झाड तेरा हजार किलोमीटरवर. उद्याची तिन्हीसांज चोवीस तासांवर.

डोरोथीबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्यानं त्यांना सगळं सांगितलं. डेडलाइन हा शब्द न वापरता सांगायला त्याला बराच वेळ लागला. आई, तिचे थरथरणारे हात, फोन, शैलाचं 'करीन आई'.

"मग तुम्ही काय म्हणाला होता?" डोरोथीबाईंनी विचारलं.

"मी मीटिंगमध्ये होतो," रवींद्र म्हणाला.

डोरोथीबाई उठल्या. पिकअपच्या मागून एक गोणपाट ओढत त्यांनी ते सरळ स्वयंपाकघरात नेलं. छावणीत त्या चरख्यावर सूत कातून दाखवत. त्यासाठी त्यांची भाची दक्षिणेतून शेतातला कापूस पाठवायची. शैलजानं पिठाचा हात पुसून गोणपाटात घातला. बोंडं होती. सरकीसकट. अमेरिकेत सरकी तिच्या बोटांना पहिल्यांदाच लागत होती. तिनं एक बोंड नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"चालेल का हा?" डोरोथीबाईंनी विचारलं.

वात हातची हवी, एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. झाड कुठलं हे नाही.

"बाकी देव चालवून घेतो," शैलजा मराठीतच म्हणाली, आणि डोरोथीबाईंना ते कळलं.

तरीही हिशेब सुटत नव्हता. तीनशे वातींची सरकी काढायची, पिंजायचं, वळायचं. निघायचं सकाळी सातला, वाटेत साडेतीन तास, मग तंबू ठोकायचा. "माळावर बसून वळीन," शैलजा म्हणाली. "आता तर यायलाच हवं. कापूस तुमचा आहे. दिवा लावू द्याल ना?"

"माझ्या तंबूसमोर. गवत काढलेल्या जागी, पाण्याची बादली ठेवून," डोरोथीबाई म्हणाल्या. "तुमचा दिवा कधीचा?"

"माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा."

"पास."

"आणि मी?" दारातून रवींद्रनं विचारलं.

डोरोथीबाईंनी त्याची चेन पाहिली. त्याचे बूट पाहिले. "खलाशी म्हणून नाही. पण ह्यांचा गडी म्हणून येऊ शकता. पाणी भरायला, ओझं वाहायला. त्या काळात अशा माणसाकडं कुणी बघत नसे, म्हणजे चेनही दिसणार नाही."

वॉल्टला हसू आलं. शैलजाला आलं नाही, पण पुढची पोळी जराशी लांबट झाली.

शुक्रवारी पहाटे पाचला शैलजाला नेहमीसारखी जाग आली. शेजारची उशी रिकामी होती. तिला वाटलं, आता काय पेटवलं यांनी?

जेवणघरात दिवा होता. रवींद्र टेबलाशी बसला होता. आंघोळ झालेली, केस ओले, अंगात ना चामड्याचा सदरा ना शेला. जुना पंचा आणि बनियन. बादलीतलं शिंग उलटं करून खिडकीत वाळत ठेवलं होतं, त्याच्याकडं त्याची पाठ होती. समोर गोणपाट, वाटीत सरकी, आणि ताटात त्यानं वळलेल्या वाती. पहिल्या चारपाच सुरवंटासारख्या होत्या. पुढच्या दोन मधेच फुगलेल्या. नंतरची एक अगदीच बारीक, जणू तिला पाहून बाकीच्या लाजाव्यात. तो तळहातावर तळहात घासत होता, जीभ दातांत धरून, आणि कापूस सुटून येत होता.

शैलजा दारातच थांबली. त्याला तिची चाहूल नव्हती. टेबलावर त्याचा फोन थरथरला: वॉल्टचा निरोप, '१८४० ला निघायची तयारी झाली का?' रवींद्रनं फोन पालथा घातला.

ती आवाज न करता स्वयंपाकघरात गेली. वाटीत चमचाभर दूध घेतलं. दुधाचं बोट लावलं की वातीचं टोक सुटत नाही. ती वाटी त्याच्या उजव्या हाताशी ठेवून, तो मान वर करायच्या आत, तांब्या-ताम्हन बांधायला वळली.

रवींद्रनं वाटीकडं पाहिलं. बोट बुडवलं. टोक फिरवलं. या वेळी ते सुटलं नाही.

"अकरा," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, जणू पलीकडं कुणी फोन कपाळाशी धरून वाट पाहतंय, "येस आई," आणि त्यानं बाराव्या वातीचा कापूस उचलला.